मेंदूच्या काठावरची राखण

मी बी.एस्सी. आहे. आमच्या भावकीत पहिली. हे मी कुठंही सांगते, लग्नात, बसमध्ये, भाजी घेताना. कुणाला वाटतं मिरवते, तर मिरवते. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, मायचं आबांच्या मागं गेलं आणि मी शहरात, गारखेड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापुढं बसून काम करते. पिशोरच्या बाजारात कुणी विचारलं की पोरगी काय करती, तर आबा सांगायचे, "खुर्चीवर बसती आन् लोकांचं रगत बघती." त्यात रक्तापेक्षा खुर्चीचं कौतुक जास्त असायचं.

आमचं गाव पिशोरच्या अंगाला. सुगी झाली की आबा आणि धाकटे काका मेंढरं घेऊन खाली उतरायचे, थेट बिडकीनपर्यंत. तिथली काही शेतं ठरलेली होती. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, जमिनीला लेंडीखत मिळायचं, शेतकरी बदल्यात ज्वारी द्यायचा. आजोबांपासून हे चालत आलेलं. मग त्या शेतांवर कारखान्यांसाठी जागा आखल्या गेल्या. तारेची कुंपणं आली, दिव्यांचे खांब आले. रस्ते तर एवढे रुंद झाले की सगळा कळप आडवा पसरून चालला तरी कडेला जागा उरायची. चालायला रस्ता होता, बसायला शेत नव्हतं. तरी दोघं भाऊ जायचेच. पाय तिकडंच वळायचे त्यांचे.

त्यात दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. गारखेड्यात आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा पाणी. माझ्या दोन खोल्यांपुढं एक निळा ड्रम होता आणि तो कुणी हलवू नये म्हणून त्यावर घरमालकिणीचा पाटा ठेवलेला. गावाकडं तर टँकरचाही भरवसा नव्हता. चारा छावणीत गाईबैलांना जागा होती, मेंढरांना कुणी विचारत नव्हतं.

अशा एका दुपारी बिडकीनच्या त्या रुंद रस्त्यावर आबांच्या हातातली काठी गळून पडली. काका सांगतात ते असं, "उचलाया वाकला आन् वाकला तसा बसलाच. म्या म्हणलं, ऊन लागलं." उन्हात चालणाऱ्या माणसाला आणखी काय होणार, असंच त्यांना वाटलं. झाड कुठं नव्हतं. गटारासाठी आणून टाकलेले सिमेंटचे मोठे पाइप होते, त्यातल्या एकाच्या सावलीत त्यांनी आबांना निजवलं, कांदा फोडून तळपायाला चोळला, डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि उन्हाचा ताप उतरायची वाट बघत बसले. आमच्याकडं ऊन लागलं की हेच करतात आणि बहुतेक वेळा माणूस उठून बसतोही.

आबा उठले नाहीत. मग एक पाण्याचा टँकर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "चाचा का मुँह देखो, एक तरफ झुक गया. ये धूप का काम नहीं है." त्याच्या वडिलांना असंच झालं होतं म्हणे. पण आबांजवळ त्याला जाताच येईना. राखणीला दोन कुत्री होती, त्यातलं पांढरं आबांच्या छातीशी उभं, दात विचकून. अनोळखी माणूस धन्याला हात लावणार म्हटल्यावर ते काय ऐकतंय. "पहले इसको हटाओ," ड्रायव्हर म्हणाला. शेवटी काकांनी कुत्र्यावर घोंगडी टाकली, त्याला मिठी मारून धरलं, तेव्हा कुठं ड्रायव्हरनं आबांना उचलून केबिनमध्ये घेतलं. दुसरं कुत्रं तेवढा वेळ मेंढरांना रस्त्याच्या खाली दाबून उभं होतं. काका हे सांगताना नेहमी म्हणतात, "कुत्र्यांचं काय चुकलं नाय." कुणी चुकलं म्हटलेलंच नसतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक वेळेतच देता येतं, ती वेळ निघून गेली होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. मी लॅबमध्ये काम करते हे मी आल्या आल्याच सांगितलं होतं, त्यामुळं ते जरा सविस्तर बोलले. मेंदूच्या डाव्या बाजूची नस बंद झाली, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. मधल्या भागातल्या पेशी मेल्या, त्या परत येणार नाहीत. पण त्या भागाच्या काठावरच्या पेशी अर्धवट आहेत, मेलेल्याही नाहीत आणि नीट जिवंतही नाहीत. "त्या कुठं जातात ते बघायचं," डॉक्टर म्हणाले. "व्यायाम सोडू नका. बोलत राहा त्यांच्याशी."

आबांना मी माझ्याकडंच आणलं. माय आली. आणि आबांच्या तोंडात एकच शब्द उरला, व्हय.

"आबा, पाणी पायजे?"

"व्हय."

"उशी काढू का?"

"व्हय."

"का राहू दे?"

"व्हय."

पहिल्या दिवशी आम्हाला हसू आलं. माय म्हणाली, "लगीन झाल्यापासून माझ्या एका बोलाला व्हय म्हणलं नाय. आता देवानं सगळा हिशेब एकदम चुकता केला." पण आबांना कळत होतं. उशी काढली की त्यांच्या डोळ्यांत राग यायचा, म्हणजे मनात नाय होतं आणि तोंडातून व्हय निघालं होतं. ते पुन्हा प्रयत्न करायचे, पुन्हा व्हय. मग डोळे मिटून भिंतीकडं तोंड करायचे. हळूहळू त्यांनी राग करणंही सोडलं. काहीही विचारा, व्हय, आणि डोळे मिटलेले. मला त्या मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटायची.

इकडं गावाकडून काकांचा फोन. मेंढरं घेऊन ते परत पिशोरला गेले होते. विहिरीला पाणी नाही, झाडपाला संपत आला, कोकरं आटलेल्या आयांना ढुसण्या मारतात. एक व्यापारी सगळा कळप एकदम घ्यायला तयार होता. पण आमच्यात थोरला जिवंत असताना त्याच्या शब्दाशिवाय कळप विकत नाहीत. एखादं बकरं विकणं वेगळं. कळप गेला म्हणजे घराचं नाव गेलं.

"मी काय करू सांग, बाई," काका मला म्हणाले. "दादाला इचार."

मी फोन आबांच्या कानाला लावला. पलीकडून काका ओरडले, "दादा, मेंढरं इकू का?"

"व्हय."

"का ठिवू?"

"व्हय."

मग काका म्हणाले, "ह्याला काय शबुद म्हणत नसत्यात. थांबतो म्या." थांबायला त्यांच्याकडं काय होतं, ते त्यांनाच माहीत. मायला मात्र आनंद झाला. तिला कळप ठेवायचाच होता. आबा बरे होतील, पावसाळ्यात पुन्हा मेंढरांमागं चालतील, हे तिनं मनात पक्कं केलेलं होतं.

एक दिवस मी लॅबमधून आले तर व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम दारातच उभ्या, हातात बांबूच्या कामट्या. "हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मी ओळखलं. मायनं जुन्या टोपलीच्या कामट्या काढून आबांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत लोकरीच्या दोरीनं बांधून टाकला होता. मेंढीचा पाय मोडला की आम्ही असंच करतो. कामट्या लावायच्या, बांधायचं, तिला कळपातून बाजूला काढून आडोशाला ठेवायचं, जवळ कुणी गडबड करायची नाही. हाड आपोआप बसतं. मायनं आबांची खाटही आतल्या कोपऱ्यात ओढून घेतली होती, पडदा लावला होता आणि शेजारच्या बाईला सांगून ठेवलं होतं की यांच्याशी कुणी बोलू नका.

"आजी, हात मोडलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "हा बांधला तर कायमचा जाईल. हलवायचा आहे. आणि माणूस अंधारात कशाला ठेवलाय?"

मॅडम गेल्यावर माय माझ्यावर घसरली. "मोडलं नाय तर हालत का नाय? डोळ्यानं दिसतंय मला."

"हात चांगलाय, माय. बिघाड डोक्यात आहे."

"मंग डोस्क्याला बांधू काय कामट्या?"

मला हसू आलं, ते तिला आवडलं नाही. ती सूप घेऊन ज्वारी निवडायला बसली. ती ज्वारी निवडायला बसली की समजायचं, भांडण संपलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी वाचायला सुरुवात केली होती. कॉलेजच्या माझ्या पुस्तकात मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींबद्दल दोनच ओळी होत्या, त्या कचरा साफ करतात म्हणून. परीक्षेला मी तेवढंच लिहिलं होतं आणि पुरे मार्क मिळाले होते. आता लॅबमधल्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत नवीन लेख वाचले तर गोष्ट फारच मोठी निघाली. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी मी रोज बघते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, माझ्या काचेवर निळ्या-जांभळ्या दिसतात. त्या फिरत्या. या मायक्रोग्लिया मात्र मेंदूच्या घरच्या. बाळ आईच्या पोटात असतानाच त्या मेंदूत जाऊन बसतात आणि जन्मभर तिथंच राहतात. त्या माझ्या काचेवर कधी येणार नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल जास्तच उत्सुकता वाटली.

मी मायच्या पुढ्यात बसले. सुपातले खडे काढता काढता सांगू लागले. मेंदूत कामाच्या पेशी असतात, त्यांच्यामुळं हात हलतो, शब्द निघतो. आणि त्यांच्यामध्ये राखणीच्या पेशी असतात. त्यांना बारीक बारीक फांद्या असतात. त्या फांद्यांनी त्या सारख्या शेजारच्या पेशींना चाचपत असतात, ठीक आहेस ना, ठीक आहेस ना. रक्त बंद झालं की मधल्या पेशी मरतात. मग या राखणीच्या पेशी तिथं गोळा होतात. मेलेलं खाऊन जागा साफ करतात, कारण ते तसंच राहिलं तर शेजारचं सडवतं. काठावर ज्या अर्धमेल्या पेशी असतात त्यांना धरून राहतात, त्यांना जगायला बळ देणारा रस सोडतात. उंदरांच्या मेंदूतून या राखणीच्या पेशी काढून टाकल्या तर नुकसान कमी न होता वाढतं, असं दिसून आलंय.

माय खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे कुत्री."

"कुत्री नाय गं. पेशी."

"शेपूट नसंल. काम तेच हाय ना. पिल्लू असतानाच कळपात सोडलेलं कुत्रं असंच असतंय. बाहेरून आणलेलं वेगळं."

मी तिला दुसरी बाजूही सांगितली, कारण अर्धं सांगणं मला जमत नाही. याच पेशी फार चवताळल्या, फार दिवस चवताळलेल्या राहिल्या, तर चांगल्या पेशींनाही इजा करतात. शास्त्रज्ञांचंही अजून पुरतं ठरलेलं नाही की त्या कधी वाचवतात आणि कधी मारतात. माय म्हणाली, "तुझ्या काकाला इचार. त्या टँकरवाल्याला जवळ येऊ देत नव्हतं कुत्रं. राखण करता करता धनी गेला असता." आणि सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "मंग आपण काय करायचं?"

"काठावरच्या ज्या वाचल्या असतील त्यांना काम द्यायचं. काम मिळालं की त्या टिकतात, शेजारच्या मेलेल्यांचं कामही थोडं थोडं शिकतात. हात हलवायचा. बोलायचं."

"आन् त्या वाचल्यात का?"

"मला माहीत नाय, माय. आबांचं डोकं उघडून कोण बघणार?"

पदवी घेतल्यापासून मायला 'माहीत नाय' मी क्वचितच म्हटलं असेन. तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं, उठली, पडदा काढला आणि खाट ओढत ओढत दारात आणली.

तिथून पुढं माय जी बोलायला लागली ती थांबेना. रोज आबांचा उजवा हात मांडीवर घेऊन मॅडमनी शिकवलं तसा वाकवायची, सरळ करायची आणि मेंढरांच्या गोष्टी सांगायची. "ती कानफाटी, तिला औंदा जुळं झालं. आन् ती लंगडी, अजून पुढंच पळती, माघं ऱ्हात नाय." हे ती काकांना फोन करून विचारून घ्यायची आणि वरून आपलं तिखटमीठ लावायची. आबा ऐकायचे. डोळे मिटायचं कमी झालं. मी कामावर निघाले की उजव्या हाताचा अंगठा हलवून दाखवायचे. बोटं मात्र कुणाचंच ऐकायची नाहीत. शब्दही तोच, व्हय. कधी कधी व्हय म्हणायच्या आधी ते थांबायचे, ओठ वेगळ्याच आकारात यायचे आणि मग पुन्हा व्हय. मॅडम म्हणायच्या, "थांबतात ना, ते चांगलंय. घाई करू नका. आपण शब्द पुरवायचा नाही."

मग एका सकाळी काका एसटीनं आले. वाळले होते. टाचांच्या भेगांमध्ये माती बसलेली. पाणी पिऊन खाटेशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "आता थांबाया कायबी उरलं नाय, वैनी. व्यापारी ह्या बाजाराला शेवटचा येतोय. न्हाईतर मेंढरं दावणीला मरत्याल. दादाला इचारतो. तो सांगल ते."

मायनं त्यांना आधी ताकीद दिली. "एकच इचारा आन् गप बसा. त्यांच्या तोंडात शबुद घालू नका."

"नाय घालत."

"तुम्हाला दम नसतो."

"नाय घालत म्हणलं ना, वैनी."

काकांनी आबांचा डावा हात धरला. "दादा, मेंढरं इकू का?"

"व्हय."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आता उलटं विचारा."

"मंग ठिवू का? पाऊस पडस्तवर कसंबी ठिवतो. माझ्या जिवावर ठिवतो."

मायनं पदर तोंडाशी धरला. आबांचे ओठ हलले. व्हयचा आवाज सुरू झाला आणि मध्येच तुटला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. काका बोलणारच होते, मायनं हातानं त्यांना दाबलं. बाहेर कुणीतरी बादली आपटत गेलं. आबांनी डोळे उघडले, काकांच्या तोंडाकडं बघितलं, मग खाली त्यांच्या पायांकडं बघितलं, बराच वेळ.

"नाय."

"काय?" काका म्हणाले.

"नाय," आबा म्हणाले. दुसऱ्यांदा अगदी स्वच्छ.

एवढे दिवस आम्ही याच शब्दाची वाट बघत होतो आणि मायला तो इथं नको होता. तिच्या तोंडावर दोन्ही एकदम आलं, हसू आणि दुसरं काहीतरी. ती पुढं सरकली. "आवो, माझ्याकडं बघून सांगा. मेंढरं ठेवायची?"

"नाय."

"इकायची?"

"व्हय."

पहिल्यांदाच त्या व्हयला वजन आलं, कारण त्याच्या शेजारी एक नाय उभं होतं. काकांनी डोक्याचं उपरणं काढून तोंडावर घेतलं आणि तसेच बसून राहिले. आबांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मला तेव्हा कुठल्याच पेशींची आठवण झाली नाही. ती नंतर झाली, लॅबमध्ये, एका अनोळखी माणसाच्या रक्ताची काच बघताना. काठावर कुणीतरी धरून ठेवलं असेल, असं मनात आलं. असेल किंवा नसेल. मी सिद्ध करू शकत नाही आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी एरवी बोलत नाही. इथं लिहिते आहे, एवढंच.

त्या बाजाराला मेंढरं गेली. कुत्री काकांनी ठेवली. माय त्या दिवशी सकाळपासून गप्प होती. आबांचा हात मांडीवर घेऊन वाकवत होती, सरळ करत होती, पण सांगायला काही नव्हतं. कानफाटी गेली होती, लंगडी गेली होती. आबाही दारातल्या खाटेवरून समोर बघत होते. बोलत राहा म्हटलंय डॉक्टरांनी, एवढंच मी तिला म्हणाले आणि डबा भरायला लागले.

थोड्या वेळानं गल्लीत टँकर आला. एकच धांदल उडाली. माय मान उंच करून बघत होती. मग तिनं घसा साफ केला.

"आवो," ती म्हणाली, "बघितलं का, ती वरच्या मजल्यावरची बाई. रोज मधीच घुसती. आजबी तिनंच पहिला पाइप लावला."

आबांनी ओठ जुळवले, जरा थांबले.

"नाय," म्हणाले आणि डाव्या हाताचं बोट घरमालकिणीकडं केलं.